सर्वपित्रीचा पाऊस

कावळ्याच्या शापानं गुरं मरत नाहीत म्हणतात. गुरं मरत नसतील, माणूस मरतो. मी मेलो होतो. आणि ज्या कावळ्यापायी मेलो त्याला आपल्या मुलखात कुणी कावळासुद्धा म्हटलं नसतं. इतकी वर्षं झाली, तरी ही हकिकत सांगायला बसलो की माझं डोकं तापतं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, मधेमधे शिव्या येतील.

मी खामगावच्या एका जिनात फिटर होतो. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं दुरुस्त करायची, रुळांना चामडं चढवायचं, तुटलेले पट्टे शिवायचे, हे माझं काम. आपल्याकडे जिन हंगामापुरतं चालतं, मग फिटर घरी बसून माशा मारतो. तेव्हा आफ्रिकेत, युगांडात, कापूस नव्यानं पिकू लागला होता आणि तिथल्या जिनांना कसलेले हात हवे होते. वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेलं. कचेरीतले लोक दोन्ही नावं एका दमात घेत, आम्ही नुसतं वऱ्हाडच म्हणत असू. त्या वऱ्हाडातून मुंबई, मुंबईहून आगबोटीनं मोंबासा आणि तिथून आत पार मोठ्या तळ्यापर्यंत, असा मी तीन वर्षांच्या करारावर गेलो. घरी माय होती, बायको होती, आणि वडील वारल्यापासून घर सांभाळणारा चुलता होता.

तिकडच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पत्र्याखाली उकडायचं, पण खायला मिळायचं आणि कुणी विनाकारण अंगावर येत नसे. माझ्यावर एक म्हातारा मिस्त्री होता, आपल्याच जिल्ह्यातला, जानेफळकडचा. तो मला मुलासारखं वागवायचा. त्याचाच पुढं मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

करार संपायला थोडे महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी बाहेर बसून मक्याची भाकर खात होतो. तिथला कावळा अंगानं मोठा, आणि छाती, गळा पांढराशुभ्र. काळ्या माणसानं पांढरी कोपरी घालावी तसा दिसतो. त्यातला एक वरून आला, माझ्या हातातली भाकर उचलली आणि जाता जाता दोन्ही पाय माझ्या डोक्यावर टेकवून गेला. मी त्याच्यामागं लोखंडी पकड भिरकावली. ती कावळ्याला लागली नाही, जिनाच्या काचेला लागली.

काच फुटल्याचा आवाज ऐकून मिस्त्री बाहेर आला. काचेकडं त्यानं पाहिलंही नाही. माझ्या डोक्याकडं पाहत राहिला.

"कावळा शिवला तुले," तो म्हणाला.

"हा कावळा नाई, मिस्त्री. याची छाती पांढरी हाये."

"काव म्हनते का नाई तो?"

"म्हनते."

"मंग कावळाच हाय."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कावळा डोक्याला शिवला की मरण जवळ आलं असं आपल्याकडे धरतात. त्याला तोडही आहे. तो माणूस मेल्याची खोटी बातमी त्याच्या घरी धाडायची. घरच्यांनी एकदा पोट भरून रडून घ्यायचं, म्हणजे वाटेवर निघालेलं मरण त्या रडण्यावर समाधान मानतं आणि मागं फिरतं. रडणं झालं की बातमी नेणाऱ्यानं लगेच दुसरी गोष्ट सांगायची, की बाबांनो, तो जिवंत आहे, कावळा शिवला होता. मग सगळे हसतात, त्याला दोन शिव्या देतात, गोडधोड करून घालतात. शेजारच्या गावात हे ठीक आहे. समुद्र ओलांडून हे करायचं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, आणि तसं मी मिस्त्रीला तोंडावर सांगितलं. माझ्या मायचं एकदा नवऱ्यासाठी रडून झालंय, तिला पुन्हा रडवायचं नाही, काही धाडायचं नाही, म्हणून बजावलं. तो "बरं" म्हणाला.

म्हातारी माणसं "बरं" म्हणतात तेव्हा त्यांनी मनात उलटंच ठरवलेलं असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आमच्यातला एक जण, सोनाळ्याचा, त्याच आठवड्यात घरी निघाला होता. मिस्त्रीनं माझ्या पाठीमागं त्याच्या कानात ती बातमी घातली. दोन्ही वाक्यं नीट पढवली म्हणे.

मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. करार संपला, मी निघालो. स्वतःच येतोय तर पत्र कशाला, असा विचार केला. आगबोटीत पोटातलं सगळं बाहेर काढलं, मुंबईला उतरलो, रेल्वेनं शेगावला आलो. इथवर सगळं सुरळीत. शेगावहून एका परक्या बंडीत माझी पत्र्याची ट्रंक टाकून मी पूर्णेच्या काठाला आलो, तर भादव्याचा पाऊस लागलेला आणि नदी दोन्ही थड्या भरून चाललेली. बंडीवाल्यानं ट्रंक चिखलात उतरवली आणि तो मागं फिरला. माझं गाव पलीकडे, सोनाळ्याच्या वाटेवर, दोनच कोस होतं.

काठावर डोंगा चालवणाऱ्या भोयाची झोपडी होती आणि वाटसरूंसाठी शेजारी गवताचं एक छप्पर. मी भोयाला म्हटलं, सोड मला पलीकडे. त्यानं नदीकडं बोट दाखवलं. मुळासकट उपटलेल्या बाभळी वाहत चालल्या होत्या.

"हे लाकडं थांबले का डोंगा टाकीन. त्याच्या आंधी तुह्या बापानं सांगतलं तरी नाई," तो म्हणाला.

अर्धी दुनिया ओलांडून आलो आणि दोन कोसांसाठी अडकलो. मी छपराखाली ट्रंकेवर बसलो. पाऊस जोराचा नव्हता, तेच वाईट. जोराचा पाऊस थकतो. हा एका चालीनं पडत होता. छपरातून माझ्या मानेवर ठिपकायचं, मी सरकायचो, मग तिथंही ठिपकायचं. मुंबईत सगळ्यांसाठी घेतलेला खाऊ ट्रंकेत ओला होत होता.

भोयाच्या झोपडीतून वडे तळल्याचा वास आला. तेव्हा ध्यानात आलं की आज भादव्यातली अमावस्या, सर्वपित्री. ज्यांची तिथी ठाऊक नाही अशा सगळ्या मेलेल्यांना ह्या दिवशी जेवू घालतात. भोई पानावर कढी, वडा, भात घेऊन बाहेर आला, ते त्यानं झोपडीच्या वळचणीला उंच ठेवलं आणि पावसात उभा राहून "काव, काव" करून ओरडू लागला. कावळा काही येईना.

"येवढ्या पान्यात कावळा कोठून येते?" त्याची बायको आतून म्हणाली. "पानी थांबू द्या."

मला गंमत वाटली. कावळ्याची वाट पाहणारा माणूस बघून मी हसलोसुद्धा. त्या दिवसातलं माझं तेवढंच हसणं.

बऱ्याच वेळानं आणखी एक बंडी आली. मीठ आणि रॉकेलचे डबे घेऊन शेगावच्या बाजारातून परतणारी. बंडीवाला डोक्यावर पोतं घेऊन उतरला, छपराखाली शिरला आणि मला पाहून जागच्या जागी थिजला. माझ्या गावातला, माझ्याबरोबर विटीदांडू खेळलेला माणूस. मी उठून त्याच्याकडं गेलो तसा तो मागं मागं पावसात गेला. त्याचे डोळे माझ्या पायांवर होते. भुताची पावलं उलटी असतात ना.

मी बूट काढले आणि त्याला पावलं दाखवली. तरी तो जवळ येईना. शेवटी मी त्याला लहानपणची एक अशी शिवी दिली जी भुतांना येत नसावी. तेव्हा तो छपराखाली आला आणि त्यानं माझा दंड दाबून पाहिला.

"तू तं मेला बे!" तो म्हणाला.

"कोन म्हनते?"

"सारं गाव म्हनते."

मग त्यानं सगळं सांगितलं. मी त्याच्याच शब्दांत सांगतो, कारण त्याच्या एकेका वाक्यासरशी माझ्या तळपायाची आग मस्तकाला जात होती आणि त्यामुळं ते शब्द मला पाठ झाले.

"सोनाळ्याचा एक जन आल्ता, उन्हाळ्याच्या आखरीले. आंगनात उभा राह्यला न् म्हने, तुमचा पोरगा तिकडंच गेला. तुही बायको तं तिथंच आडवी झाली. तुह्या काकानं भिताडावर डोकं आपटलं, रगत निंगालं. सारी गल्ली जमली, बायाइनं गळा काढला. त्या मानसानं पानी मांगतलं. पानी पेला न् चालला गेला."

"न् मंग? मंग काय सांगतलं त्यानं?"

"मंग काय सांगन? मेला म्हनल्यावर आनखी काय सांगाचं रायते?"

तो हरामखोर घाबरला होता. चुलत्याचं रक्त पाहून, बायको पडलेली पाहून, आता जर "खोटं होतं" म्हणालो तर हे लोक मला इथंच झोडपतील, असं त्याच्या मनानं घेतलं असणार. दोन गोष्टी द्यायच्या होत्या, एक देऊन पळाला. पुढं तो गावातही राहिला नाही, खानदेशात कुठल्याशा जिनात गेला. त्याची माझी गाठ कधी पडली नाही, हे त्याचं नशीब.

"न् माय?" मी विचारलं. "माय रडली?"

"तेच तं!" बंडीवाला म्हणाला. "तुही माय रडलीच नाई. डोयाले पदर लावला नाई तिनं. ती त्या मानसाच्या मांगं पार शिवेलोक धावली. म्हने, 'थांब रे बाबू, माह्या पोराले कावळा शिवला असन, दुसरी गोष्ट सांगून जाय.' तो मांगं पाहेच ना. तवापासून ती रोज संध्याकाळी शिवेवर जाऊन उभी रायते. कोनी इचारलं तं म्हनते, 'आर्धीच गोष्ट आली, आर्धी आजून याची हाये.' लोकं म्हनतात, बुढीचं डोकं फिरलं."

बुढीचं डोकं फिरलं! साऱ्या गावात तेवढ्या एकीचं डोकं ठिकाणावर होतं.

मग त्यानं पुढचं सांगितलं. मी मेलो पण माझे दिवस झाले नाहीत, म्हणून घराला सुतक लागूनच राहिलेलं. कुणी आमच्याकडचं पाणी घेईना. चुलत्याच्या मुलीची सोयरीक त्यापायी अडलेली. चुलता म्हणत होता, देह नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळू, दहावा-तेरावा करू, मोकळे होऊ. माय त्याला हात लावू देत नव्हती. सून बांगड्या, कुंकू घालूनच फिरत होती आणि बाया विहिरीवर तिला नाही नाही ते बोलत होत्या. शेवटी चार माणसं बसली. तेव्हा माय म्हणाली होती, "सर्वपित्रीले त्याच्या बापाच्या पानाजवळ त्याचंही पान वाढा. कावळा शिवला तं मी मानीन. सुनेच्या बांगड्या मी माह्या हातानं फोडीन. पन तवर कोनी तिले बोलाचं नाई."

सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. पितराचा घास कावळ्यानं घेतला म्हणजे तो मेलेला खरा, ह्यावर कुणाचा वाद असणार?

"आज," बंडीवाला म्हणाला आणि माझ्याकडं बघायचं टाळून बैलांची पाठ पुसू लागला.

मी नदीकडं धावलो. कमरेपर्यंत आत गेलो तोच भोयानं आणि बंडीवाल्यानं मला मागून धरून ओढलं आणि चिखलात पाडलं. भोई माझ्या छातीवर बसला. म्हणाला, "कायले खरंच मरतं बे? घरचे तसेही पान वाढूनच बसले." मी त्यालाही शिव्या घातल्या. त्याच्या डोंग्याला, पूर्णेला, इंग्रज सरकारला, इथं पूल बांधायला ज्याला सुचलं नाही त्या साहेबाला, मिस्त्रीला, सोनाळ्याच्या त्या भित्र्याला. पलीकडच्या थडीवर एक धनगर मेंढ्या घेऊन उभा होता. मी त्याला ओरडून सांगायचा प्रयत्न केला, "मी जिता हाये म्हना! आमच्या घरी सांगा, मी जिता हाये!" त्यानं हात वर करून हलवला. त्याला एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं. राम राम समजला असेल.

आवाज बसला तेव्हा मी पुन्हा ट्रंकेवर येऊन बसलो आणि पावसाला शिव्या द्यायला सुरुवात केली. हा पाऊस नसता तर मी केव्हाच घरी असतो, असं मोठ्यानं म्हणालो.

"असं नको म्हनू," बंडीवाला हळूच म्हणाला. "पानी पडून राह्यलं तवरच बरं हाये. पान्यात कावळा येत नाई."

मी झोपडीकडं पाहिलं. भोयाच्या वळचणीला ते पान तसंच होतं. भात भिजून ओघळला होता, कढी पाण्यानं पातळ होऊन सांडली होती, आणि एकही कावळा फिरकला नव्हता. दोन कोसांवर, आमच्या घरावर, माझं पान असंच भिजत पडलेलं असणार.

पुढचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. ज्या पावसानं मला अडवलं होतं तोच माझ्या बायकोच्या बांगड्या धरून बसला होता. तो थांबावा तर कावळा आधी पोचणार, त्याला ना नदी लागते ना डोंगा. तो पडत राहावा तर मी आज पोचत नाही, आणि उद्या नाहीतर परवा पाऊस थांबणारच. जरा उघडल्यासारखं झालं की मी आभाळात कावळे शोधायचो. पुन्हा सर आली की बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचाच राग यायचा. रागाला काहीतरी धरायला लागतं. माझ्या रागाला त्या दिवशी ओल्या गवताच्या छपराशिवाय काही नव्हतं. भोयाच्या बायकोनं वडे आणून दिले. मेल्याचं जेवण म्हणून मी ते दूर सारले, आणि थोड्या वेळानं भूक आवरेना म्हणून खाल्ले.

दुपार कलली आणि पाऊस थांबला. एकदम थांबला. ढग फाटले, पिवळं ऊन पडलं, आणि समोरच्या बाभळीवर कुठून कोण जाणे पाच-सहा कावळे येऊन बसले आणि पंख झाडू लागले. भोई आनंदानं "काव, काव" करत धावला. मी दगड उचलले. हे कावळे माझ्या गावचे नव्हेत, ह्यांना हाणून दोन कोसांवरचा कावळा उडत नाही, हे मला कळत होतं. तरी मी दगड मारत सुटलो. भोयाचे पितर उपाशी राहतील ह्याची मला पर्वा नव्हती. त्यानं माझा हात धरला, पण माझ्यावर रागावला नाही. नदीकडं बघून म्हणाला, "लाकडं कमी झाले. चाल, टाकतो डोंगा."

ट्रंक बंडीवाल्याच्या भरवशावर टाकली. डोंगा तिरका वाहत वाहत फार खाली जाऊन लागला. मी उतरलो आणि धावत सुटलो. आपल्या काळ्या मातीत पावसानंतर धावणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पायाला दोन-दोन शेर चिखल. बूट आधी हातात घेतले, मग फेकून दिले. वाटेतल्या प्रत्येक घरावर, प्रत्येक झाडावर कावळे. सगळीकडे माणसं त्यांना बोलावत होती. सारा मुलूख "काव, काव" करत होता आणि मी रडत, शिव्या देत धावत होतो.

आमच्या गल्लीत शिरलो तर ही गर्दी. लोक वर बघून ओरडत होते, म्हणून मला कुणी पाहिलं नाही. मीही वर पाहिलं.

आमचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. त्या धाब्यावर माझी माय उभी होती. डोक्यावर पोत्याची खोळ, अंगावरचं लुगडं चिंब, हातात तुराटीची काठी. तिच्या पायाशी दोन पानं वाढलेली होती, शेजारी शेजारी. कावळे तिच्या भोवती घिरट्या घालत होते आणि ती गोल गोल फिरत त्यांना हाकलत होती. "हाड! हाड मेल्या! हाड!" सर्वपित्रीच्या दिवशी, साऱ्या गावासमोर, माझी माय पितरांच्या पानावरून कावळे हाकलत होती.

खाली शिडी होती. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय रोवून, दोन्ही हातांनी दोन्ही दांडे धरून माझी बायको उभी होती. चुलता तिच्यापुढं हात जोडत होता. "पोरी, सर बाजूले. तिले खाली आनू दे मले. पाप लागते." ती हलत नव्हती. तिच्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या, कोपरापर्यंत चिखल होता.

तिनंच मला आधी पाहिलं. ती ओरडली नाही की पडली नाही. तिचं तोंड रागानं लाल झालं.

"आत्ता आले?" ती म्हणाली. "सकाळपासून ही शिडी धरून हाये मी."

गर्दी मागं सरली. दोघं-तिघं पळाली. चुलता वळला. त्याच्या कपाळावर जखमेचा लांब व्रण होता, अजून लालसर. मी दिवसभर त्याच्यासाठी शिव्या साठवल्या होत्या. तो ओट्यावर मटकन बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या व्रणाकडं बघून मी त्या शिव्या गिळल्या.

माय अजून कावळ्यांच्या मागं होती. तिला खालचं काही ऐकू येत नव्हतं. बायको म्हणाली, "आत्याबाई, खाली पाहा."

माय धाब्याच्या कडेला आली. तुराटी हातात तशीच.

"कावळा शिवला होता ना रे?" तिनं विचारलं.

"हो, माय."

"मंग दुसरी गोष्ट सांग."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"मेलो नाई, माय. मी जिता हाये."

तिनं मान हलवली. तुराटी खाली ठेवली. मग ती वळली आणि त्या दोन पानांपैकी दुसऱ्या पानाकडं, वडिलांच्या पानाकडं पाहू लागली. आणि तिथंच, धाब्यावर, चिखलात खाली बसली.

"तुह्या बापालेही उपाशी ठेवलं रे म्या आज," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मिस्त्रीला हवं होतं तसं रडणं ते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून साठलेलं. गावातल्या बाया वर गेल्या, त्यांनी तिला धरलं, तरी ते थांबेना. ते थांबल्यावर तिनं डोळे पुसले, माझं पान उचलून गाईपुढं टाकलं, वडिलांचं पान नव्यानं वाढलं आणि वर नेऊन ठेवलं. मग "काव, काव" म्हणून बोलावू लागली. कावळे हाकलून हाकलून तिचा आवाज बसला होता, नुसती हवा निघत होती. मी तिच्याबरोबर ओरडलो. चुलताही ओरडला. पण दिवस बुडत आला होता आणि कावळे झाडांवर परतले होते. एकही आला नाही.

पुढं काही वर्षांनी मिस्त्री कायमचा परत आला, तेव्हा मी मुद्दाम जानेफळला जाऊन त्याच्या दारात उभा राहिलो आणि जे जे बोलायचं होतं ते सगळं बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग? वाचला ना तू?"

पण खरा राग माझा त्याच्यावर नाही, सोनाळ्याच्या त्या माणसावर नाही, पांढऱ्या छातीच्या त्या पाखरावरही नाही. तो कुणावर आहे ते मला ठरवता येत नाही. दुसऱ्या वर्षी सर्वपित्रीला कडक ऊन होतं. मायनं स्वयंपाक केला आणि धाब्यावर पानं नेली, तेव्हा मी मोजून पाहिलं तर वडिलांची दोन पानं होती. मी विचारलं, माय, दोन कशाला?

"येक यंदाचं," ती म्हणाली. "न् येक त्याचं राह्यलेलं."